कराट्याच्या ड्रेसला खळ

मी कराटे शिकायला गेले तेव्हा चौसष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी तरुणच. अक्कल तेवढी यायची होती. 'तब्येतीसाठी जाते,' असं सगळ्यांना सांगायचे. साफ खोटं. गेले ती मुलाच्या धाकाने.

त्याआधीच्या श्रावणात मागल्या दारच्या जांभ्याच्या पायरीवर, शेवाळावरून माझा पाय सरकला. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. अर्धा तास उताणी पडून मी शेजारच्या कोंबडीकडे बघत होते आणि कोंबडी माझ्याकडे. शेवटी शेजारणीने उचललं आणि मुंबईला मुलाला फोनही तिनेच लावला.

"आई, पुन्हा पडलीस तर घराला कुलूप," मुलगा म्हणाला. "सरळ माझ्याकडे यायचं."

त्या दिवसापासून मला पायरीची, फरशीची, ओल्या पायपुसण्याचीसुद्धा भीती वाटायला लागली. स्वतःच्याच घरात भिंत धरून चोरासारखी वावरायची ही बाई. कुलूप सारखं डोळ्यांपुढे.

जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी कराट्याचा क्लास भरायचा. शिकवणारी मुलगी माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

"आजी, कशासाठी शिकायचंय?"

"पडल्यावर उठता यायला हवं."

ती हसली नाही. "मग आधी पडायला शिका."

"तें माका येतां गो!"

"इथे गो नाही. मॅडम."

हनुवटी छातीला, पाठ गोल, हाताचा तळवा जमिनीवर फाडकन. मग कुशीवर वळायचं, कोपर, गुडघा, पाऊल. हिवाळाभर मी गादीवर पडत होते आणि उठत होते. पण गादीवर पडणं वेगळं आणि पायरीवर वेगळं, हे मनातून जात नव्हतं.

मे महिन्यात पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आली. मुलगा आंब्यांसाठी घरी आलेला. "बघायला ये," असं मी ऐटीत म्हणून बसले. त्याच्यासमोरच पडले तर?

ती धास्ती घालवायला या शहाणीने काय करावं? तीस वर्षं शाळेत शिकवलं. तपासणीच्या दिवशी कडक खळीची साडी नेसली, की साहेबासमोरही पाय लटपटत नसत. म्हणून कराट्याच्या पांढऱ्या ड्रेसला भाताच्या पेजेची दाट खळ घातली, वर इस्त्री केली. पँट खुर्चीला टेकवली तर आपली आपण उभी!

हॉलमध्ये रत्नागिरीचा मे. वीज गेलेली. घाम फुटला आणि कडक पेजेचा डिंक झाला. पँट गुडघ्यांना चिकटली. मॅडम म्हणाल्या, "किक!" पाय निघाला, पँट निघाली नाही, आणि मी आडवी. गादीवर नव्हे, फरशीवर.

"आई!" मुलगा खुर्चीवरून उठला. मॅडमनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला. "तुम्ही बसा."

मला वर बंद पंखा दिसत होता आणि पंख्याच्या जागी कुलूप. संपलं, वाटलं. मग लक्षात आलं, हनुवटी छातीलाच आहे. तळवा झणझणतोय, म्हणजे तोही वेळेवर आपटला होता. डोकं शाबूत, कंबर शाबूत. कुशीवर वळले. कोपर. गुडघा, तो कापडापासून टर्रकन सुटला तशी क्लासमधली पोरं फिसकन हसली. पाऊल. उभी राहिले, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा किक मारली. ती जेमतेम गुडघ्याएवढी गेली.

"आजी, पट्टा पुढच्या वेळी," मॅडम म्हणाल्या. "आणि कपड्यांना काय लावलंत हे?"

"पेज, मॅडम."

घरी येताना मुलाने माझं कोपर धरून ठेवलेलं. आता कुलुपाचं काढतो की काय, असं मला वाटत होतं. मागल्या दाराशी आलो. त्या पायरीपाशी त्याने माझं कोपर सोडलं. मी चढले. तो खालीच उभा, पायरीकडे बघत.

"पाऊस लागायच्या आत ही घासून देतो," तो म्हणाला. "आणि बाजूला एक कठडा बसवू."

"बसव," म्हटलं. "पेज उरलीय हो वाटीभर. तुझ्या शर्टाला घालू?"