टीएक्सआर काकांचा सुटलेला डबा

टीएक्सआर काका आले की आधी टकटक व्हायची, मग 'जय भीम'. दाराची बेल त्यांना मान्य नव्हती. मधल्या बोटाचं पेर वाकवून ते दारावर दोनदा मारत आणि कान पुढे करून थांबत. दार कोणी उघडतंय का, यापेक्षा दाराची तब्येत कशी आहे याचीच त्यांना जास्त उत्सुकता असे. आत आले की टेबल, माठ, कलिंगड, माझं हेल्मेट, जे हाताला लागेल त्यावर टकटक. आवाज पसंत पडला तर "फिट." नाही पडला तर "सिक." एकदा धुळ्याहून माझे मामा आले होते. त्यांच्या टकलाकडे काका इतक्या आशेने बघत होते, की मला मध्ये चहाचा ट्रे धरावा लागला.

हे शब्द रेल्वेचे. काकांनी मनमाडला चौतीस वर्षं टीएक्सआर म्हणून नोकरी केली. टीएक्सआर म्हणजे गाडी थांबली की तिच्या कडेकडेने हातोडी घेऊन चालत जाणारा माणूस. चाकावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. खणखणीत आवाज आला तर पुढे, बद्द आला तर डब्यावर खडूने फुली. फुली पडलेला डबा 'सिक'. तो काढून बाजूच्या रुळावर उभा करायचा. रिटायर झाल्यावर काका नाशिक रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. हातोडी सरकारजमा झाली होती, म्हणून बोटावर भागवत होते. काकू सांगत, "लग्नाच्या दिवशी ह्यांनी मांडवाचा खांब वाजवून बघितला. माझ्या बापाला वाटलं, पोरगं येडं हाय." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असे. "खांब सिकच होता. दुपारी पडला का नाय?" पडला होता, हे काकूंना दरवेळी कबूल करावं लागे.

मी तेव्हा घरूनच नोकरी करत होतो आणि उरलेल्या वेळात एक लिंटर लिहीत होतो. लिंटर हा एक प्रोग्राम. तो दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम वाचतो आणि त्यांतल्या चुका काढतो. घरोघरी एक तरी माणूस हे काम फुकट करत असतोच. माझा लिंटरही फुकटच होता. ओपन सोर्स, म्हणजे कोणीही वापरावा, कोणीही उघडून सुधारावा आणि कोणीही त्याच्या कर्त्याला शिव्या घालाव्यात. ऑफिसातल्या साहेबांना मी हे दोनदा चित्र काढून सांगितलं, तरी त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं. काकांनी ते लॅपटॉपच्या झाकणावर बोट वाजवत ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे हा टीएक्सआरच की. गाडी चालवायची नाय, बनवायची नाय, खोट कुठं हाय तेवढं सांगायचं. खडू हाय का त्याच्याकडं?" लिंटरचं नाव तोवर इंग्रजीत काहीतरी भारदस्त होतं. त्या दिवसापासून तो 'खडू' झाला.

प्रोग्रामिंगमधलं काकांना ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याचा त्यांना जराही संकोच नव्हता. "मला तरी कुठं चाक बनवता येतं?" असं ते म्हणत. त्यांची पद्धत एकच होती: मी माझा कोड त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. कंस, स्वल्पविराम, सगळ्यासकट. ते त्यांच्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसत. "यादी रिकामी नसेल तर, कंस सुरू, कंस पूर्ण" असं माझं पठण चालू असताना मध्येच खुर्चीच्या हातावर टकटक होई.

"इथं अडखळला तू."

"नाही काका, आवंढा गिळला."

"आवंढा इथंच का आला? बघ."

मी चडफडत बघायचो. कधीकधी तो खरंच आवंढा असायचा. पण बहुतेक वेळा तिथे चूक सापडायची. जिथे लिहिणाऱ्याची स्वतःचीच खात्री नसते तिथे वाचताना जीभ अडते, हे काकांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे. चूक सापडली की शाबासकी वगैरे काही नाही. चहा मीच करायचा.

त्या गॅलरीतून रूळ दिसत. मालगाडी येताना दिसली की काकांचा आमच्याशी संबंध संपायचा. चष्मा सरळ करून ते कठड्याशी उभे राहत आणि प्रत्येक डब्यावरचा नंबर ओठ हलवत वाचत. शेवटचा डबा गेला की "नाय" म्हणून परत खुर्चीत. हे काय आहे, असं मी काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "नादी लागू नको. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, आमच्या ह्यांना डब्यांचा." मीही नादच समजलो.

तीन-चार वर्षांत खडू बराच फोफावला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं तो वापरू लागली, नवे नियम सुचवू लागली, आणि मी येईल तो नियम आनंदाने आत घेत गेलो. नियम तीनशेच्या वर गेले. मग खडू जो बोलायला लागला तो थांबेचना. इथे जागा जास्त सोडली, तिथे कमी सोडली, हे नाव फार लांब, ते फार आखूड. वैतागलेल्यांसाठी मी एक सोय करून ठेवली होती. ज्या ओळीबद्दल कटकट नको असेल, तिच्या डोक्यावर 'खडू गप्प' असं लिहायचं, की त्या ओळीपुरतं तो तोंड बंद ठेवायचा. अर्थ न कळता जगभरची माणसं इंग्रजी अक्षरांत 'खडू गप्प' लिहू लागली. सुरुवातीला माझी छाती फुगली. मग एका मोठ्या प्रकल्पाचा कोड पाहिला, तर दर चार ओळींना 'खडू गप्प'. लवकरच माणसं त्याला सोडूनही जाऊ लागली. माझे सगळे रविवार ज्याच्यावर गेले, तो खडू अजून दोन वर्षांत कुणाच्या हातात नसेल, हे मला स्पष्ट दिसायला लागलं आणि माझी झोप उडाली.

खडूचं निम्मं काम मालेगावची जुबेदा बघते. घराच्या खालच्या मजल्यावर यंत्रमाग चालतात आणि ती वरच्या खोलीत बसून कोड लिहिते. फोनवर तिच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या कारखान्याशी ओरडून बोलायचं. ती म्हणाली, "फोनपे नहीं होगा ये. मी येते. पुढच्या दोन वर्षांचं काय ते समोर बसून ठरवू." रविवारी ती एसटीने आली. आम्ही काकांच्या गॅलरीत बसलो, कारण काकूंनी कुणालाही न विचारता थालीपिठं लावायला घेतली होती.

मी जय्यत तयारीत होतो. पस्तीस पानांचा आराखडा: आणखी दीडशे नियम, रंगीबेरंगी इशारे, काय अन् काय. अर्धा तास वाचला. काकांनी एकदाही टकटक केली नाही, म्हणून मला वाटलं, जिंकलो.

"ह्या तीनशेमधल्या कशानं गाडी घसरते?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हंजे माणूस मरतो, नायतर माल सांडतो, नायतर गाडी जाग्यावर उभी राहते. रंग उडालाय, दांडी वाकडी हाय, ते मला सांगू नको. आमच्यात एक नवा टीएक्सआर आला होता, दर डब्याला फुली मारायचा. आठ दिवसांत त्याच्या फुलीकडं कुणी बघंना. खरी फुली मारली त्या दिवशी त्याला स्वतः झेंडा घेऊन पळावं लागलं."

"ये तो तूच आहेस," जुबेदा मला म्हणाली आणि थालीपिठाचा तुकडा तोंडात टाकला.

मग काकांनी खऱ्या खडूने गॅलरीच्या फरशीवर तीन चौकोन आखले. पहिला 'गाडी थांबवा', दुसरा 'पुढच्या स्टेशनला बघा', तिसरा 'तोंड आवरा'. मी एकेक नियम वाचायचा आणि त्याची जागा ठरायची. मी प्रत्येक नियमासाठी भांडलो. कोडच्या दोन तुकड्यांमध्ये एकच ओळ रिकामी सोडावी, या नियमाची मी इतका वेळ वकिली केली, की शेवटी जुबेदा म्हणाली, "भाई, इसके लिए कोई रोएगा क्या?" कोणी रडलं नसतं. मी मात्र रडायच्या बेताला आलो होतो. चार वाजेपर्यंत तीनशेतले चाळीस उरले, आणि त्या चाळिसांकडे बघताना मला पहिल्यांदाच वाटलं, की हे कोणीतरी ऐकून घेईल.

"एक्केचाळिसावा माझा," काका म्हणाले. "जो कुणी 'खडू गप्प' म्हणंल, त्यानं बाजूला आपलं नाव लिहायचं अन् का म्हणतो ते लिहायचं. नाय लिहिलं, तर गाडी थांबवा."

"काका, लोक आधीच चिडलेत. त्यात सही मागितली तर पळूनच जातील."

तेवढ्यात मालगाडी आली. काका उठले, सगळे नंबर वाचले, "नाय" म्हणून परत आले. खुर्चीत बसल्यावर कुणी न विचारताच बोलू लागले.

"सत्तेचाळीस एकशे छत्तीस. मालाचा डबा. मला लोक फुलीवाला म्हणून चिडवायचे. त्या दिवशी माझ्या चार फुल्या फुकट गेल्या, डबे खोलून बघितले तर धड निघाले. सगळे हसले. पाचव्याला हातोडी मारली, आवाज बद्द आला. म्हटलं, जाऊ दे, परत हसतील. खडू खिशात घातला. गाडी गेली."

"फिर?" जुबेदाने विचारलं.

"काय झालं नाय. काय कळलंच नाय. धड पण असंल. पण मी गप्प बसलो हे कुठं लिहून ठेवलं नाय ना. लिहिलं असतं तर पुढं कुणीतरी बघितलं असतं. आता मलाच बघत बसावं लागतं."

"काका, तो डबा एव्हाना भंगारात गेला असेल," मी म्हणालो.

"गेला असंल. मला कळवलं नाय कुणी."

एक्केचाळिसावा नियम आराखड्यात गेला.

आराखडा आम्ही खडू वापरणाऱ्या सगळ्यांसमोर मांडला. चाळीस नियमांचं लोकांनी स्वागत केलं आणि एक्केचाळिसाव्यावर तुटून पडले. 'आम्ही काय शाळेत आहोत का?' इथपासून सुरुवात झाली. चार दिवस मी उत्तरं दिली. पाचव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी ती ओळ गुपचूप खोडून टाकली. जुबेदालाही सांगितलं नाही.

त्या रविवारी काकांनी आमच्याकडे येऊन आराखडा वाचायला सांगितला. मी चाळिसावा वाचला आणि लॅपटॉप मिटला. झाकणावर टकटक झाली.

"इथं अडखळला तू."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, "काढला ते काढला. माणसांना नको असंल तर काढावं. पण कुणी काढला, का काढला, लिहिलंय का कुठं?"

लिहिलेलं नव्हतं. काकांनी हात लांब केला आणि माझ्या कपाळावर बोटाने दोनदा हलकेच वाजवलं. कान पुढे करून ऐकलं. फिटही म्हणाले नाहीत, सिकही म्हणाले नाहीत. चपला घालून समोर निघून गेले.

पुढचे आठ दिवस आमचं दार वाजलं नाही. बेल वाजायची; दूधवाला, कुरियरवाला, सगळे बेल वाजवायचे. दरवेळी मला इतकं वाईट वाटायचं, की मी त्या बेलचं बटणच काढून ठेवावं म्हणत होतो. नवव्या दिवशी मी तो नियम परत आणला आणि खाली सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं: हा नियम मी काढला होता, कारण, लोक रागावतील याची भीती. खाली माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. लोक रागावलेच. पण एकाने कळवलं, की कारण लिहायला बसलो तेव्हा कारणच सापडेना, म्हणून कोड तपासला, तर चूक निघाली. मग हळूहळू बोंब कमी झाली. मी समोर जाऊन काकांच्या दारावर बोटाने टकटक केली. आतून आवाज आला, "जोर नाय बोटात. ये."

नवा खडू तयार झाला तेव्हा काकांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली होती, आणि गॅलरीत त्यांना धरून आणावं लागे. जुबेदा मुद्दाम आली. तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर नियमांची यादी होती: एक, दोन, तीन, असे चाळीसपर्यंत. त्याखाली 'गप्प म्हणणाऱ्याने नाव आणि कारण लिहावे' हा नियम, आणि त्याचा नंबर ४७१३६.

"नंबर मी दिला, काका," ती म्हणाली. "लाइनमध्ये नाही. रहने दो."

मलाही हे माहीत नव्हतं. काकांनी चष्मा सरळ केला. ओठ हलवत एकेक आकडा वाचला. परत वाचला. मग पडद्यावर बोटाने टकटक केली.

"आला," ते म्हणाले. आणि मान वळवून आत ओरडले, "आला गं!"

कोण आला हे न विचारता काकूंनी चहाचं आधण वाढवलं. थोड्या वेळाने एक मालगाडी गेली. काका बशीत चहा ओतत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. दवाखान्यात त्यांनी शेवटपर्यंत ऑक्सिजनचं सिलिंडर वाजवून बघितलं, असं काकू सांगतात. फिट होतं म्हणे. मी ते ऐकून हसलो आणि मग जिन्यात बसून खूप रडलो.

खडू चालू आहे. चाळिसानंतर एकदम सत्तेचाळीस हजार कसे, असं अजून कोणी ना कोणी विचारतं. मागच्या महिन्यात दूरच्या देशातल्या एका टापटीप माणसाने तो नंबर बदलून एक्केचाळीस केला आणि दुरुस्ती माझ्याकडे मंजुरीला पाठवली. नाकारायची तर नाव आणि कारण लिहावं लागतं, ही आता आमची रीत आहे. मी माझं पूर्ण नाव लिहिलं. कारणाच्या जागी लिहिलं: हा डबा आमच्या काकांचा आहे. फार उशिरा पोहोचलाय. कृपया हलवू नये.