कन्नडच्या वाटेवरचे पोस्टमास्तर चाचा

जगातला सगळ्यात सावकाश माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक कन्नडच्या अलीकडच्या एका लहानशा गावातल्या पोस्टमास्तर चाचांचं नाव घेईन. त्यांचं पोस्ट म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. एक टेबल, एक कपाट आणि खुद्द चाचा, एवढ्यानंच ती भरून जायची. गिऱ्हाईक ओसरीवर उभं राहायचं. ठसा मारण्याआधी चाचा श्वास रोखत, झोपलेलं मूल उचलावं तसा शिक्का उचलत आणि ठसा उमटला की कार्ड हातभर लांब धरून न्याहाळत बसत. पत्त्यात पिनकोड नसला की पत्र परत. अक्षर लागलं नाही की पत्र परत. आणि पत्र रागाच्या भरात लिहिलंय अशी शंका आली, तर "उद्या या. उद्या बी एवढाच राग असला तर घेतो," म्हणून परत. दुसऱ्या दिवशी सहसा कुणी येत नसे.

माझी त्यांची गाठ पडली ती गाडी तापल्यामुळे. बायको लिंबाखाली डुलक्या घेत होती. मक्याच्या शेतातून वारा सळसळत होता आणि सगळं गाव त्या आवाजावर पेंगत होतं. मी भटकत पोस्टापाशी आलो.

"गंमत म्हणून एक कार्ड द्या," मी म्हणालो.

"गंमत म्हणून नाय मिळत. कुणाला लिहिता ते सांगा."

मी विचारात पडलो. फोनमध्ये शेकडो माणसं, पण पत्ता एकाचाही पाठ नाही. पाठ होता तो फक्त करमाडच्या आमच्या घराचा. तिथं थोरला भाऊ राहतो. वडिलांना शेवटच्या आजारात कुठल्या दवाखान्यात न्यायचं, यावरून आम्ही भांडलो होतो. त्यानंतर सात वर्षं एक शब्द नाही. "भावाला," म्हणून मी त्याचा पत्ता घातला, 'आम्ही सगळे बरे आहोत' एवढंच लिहिलं आणि कार्ड पुढं केलं.

"मी कुणाचं वाचत नाय," चाचा वाचत म्हणाले, "पण कार्ड उघडं असतंय अन् डोळे बी उघडे हायेत. सख्खा भाऊ ना? बसा निवांत. कार्डावर लई जागा शिल्लक हाय."

मी ओसरीवर बसलो. किती वेळ, कोण जाणे. मग लिहिलं, 'दादा, तेव्हा कुणाचं बरोबर होतं ते आता मला सांगता येणार नाही. पण तू दवाखान्याच्या फाटकाशी एकटा उभा होतास, ते रोज आठवतं.'

दहा दिवसांनी दादाच दारात उभा. खिशात कार्ड. "अक्षर अजून घाणच आहे तुझं," एवढं म्हणाला आणि रडायलाच लागला.

आम्ही दोघं चाचांना सांगायला गेलो. "पोचलं ना? मग बास," म्हणून ते पुढच्या माणसाकडं वळले. निघताना मी विचारलं, "चाचा, तुम्हाला कोण लिहितं?"

ते हसले. "पोस्टमास्तरला कोण पत्र लिहितंय!"

पुढं चाचा निवृत्त झाले आणि पोस्ट दुसऱ्या गल्लीत गेलं. मी त्यांच्या नावानं एक कार्ड टाकलं. नंतर भेटायला गेलो, तर त्यांनी ते उशीखालून काढलं आणि स्वतःच्या नावावरून बोट फिरवत राहिले. "जवाब लिहितो," म्हणाले. "घाई नका करू."

त्याला आता चार महिने होतील. दुपारी तीनच्या सुमारास आमची गल्ली निजते, तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. खालून पोस्टमन जातो. वर बघून 'नाही' म्हणून मान हलवतो. मग मी उगाच कुंड्यांना पाणी घालतो.