गोठ्यातल्या शाळेला ठेवून गेलेली माणसं

आमच्या गावात चार म्हातारे ओट्यावर बसले की गेलेल्या माणसांच्या गोष्टी निघतात आणि त्या फिरून शाळेशी येतात. एकानं एक सांगितली की दुसऱ्याला दोन आठवतात. अशा गोष्टी साठत जातात. झाडून काढल्या तरी कोपऱ्यात राहतातच.

त्या शाळेचं आता कॉलेज झालंय. परवा तिथले प्रिन्सिपॉल घरी आले. म्हणाले, "अण्णा, जुनी माणसं जाताना शाळेला काही ना काही ठेवून जायची. कशामुळं, तेवढं लिहून द्या."

मी म्हणालो, "मी दुसरी शिकलेला माणूस. कशामुळं ते मला ठाऊक नाही. काय ठेवलं ते सांगतो."

निजामाचं राज्य होतं. सरकारी शाळा उर्दूत चालायची. मराठी शाळा पाहिजे असेल तर गावानं चालवायची, आणि तिलाही तालीमात खात्याची, म्हणजे शिक्षणखात्याची, परवानगी लागायची. आमच्या शाळेचे एकच मास्तर, नारायण मास्तर. काटकुळे, कमी बोलणारे. माझं धान्याचं आडत दुकान होतं. मी शाळेच्या कमिटीवर होतो. शाळा भरायची थोरल्या देशमुखांच्या गुरांच्या गोठ्यात. देशमुखांनी तो तोंडी दिलेला. कागद नव्हता.

दरसाल बीडहून अंमलदार यायचा. टोपी काढायचा, घाम पुसायचा आणि विचारायचा, "जागा किसकी?"

मास्तर म्हणायचे, "देशमुखांची."

"पुढल्या सालापर्यंत शाळेची करा. नाहीतर कुलूप!"

शाळेच्या गळ्याला हा फास कायम होता. तो लक्षात ठेवून पुढचं वाचा.

* * *

पहिली गोष्ट दगडूबाची. दगडूबा अंथरुणाला खिळला. लेकांनी जोशीबुवांना बोलावलं. मरणाऱ्या माणसानं ब्राह्मणाला गाय द्यायची, म्हणजे तिचं शेपूट धरून वैतरणी नदी ओलांडता येते, अशी रीत. गाय दारात आणून उभी केली. जोशीबुवांनी दावं हातात घेतलं.

दगडूबा उठून बसला. "ती गाय शाळंची हाय!"

जोशीबुवा म्हणाले, "अरे, शाळा तुला वैतरणीपार नेणार आहे का?"

"बुवा, बीडच्या कचेरीत म्या दोन रोज चुकीच्या दारात बसलो. पाटी वाचता येत न्हवती. वर तर लई दारं असतील. गाय नदीपार नेईल, पन पुढं पाटी कोन वाचंल? शाळंला गाय दिली तर एखादं पोरगं तरी देव माज्या मदतीला देईल का न्हाई?"

जोशीबुवांनी दावं सोडलं. गाय गोठ्यात आली. तिला तिथं बरंच वाटलं असणार, गोठाच तो.

बीडच्या कचेरीतली ती पाटी उर्दूत होती. मराठी शिकून काही उपयोग झाला नसता. हे मी दगडूबाला सांगितलं नाही.

* * *

माळ्याच्या चार भावांत एक विहीर होती. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. थोरला विठोबा, त्याला मूलबाळ नव्हतं. त्याच्या पाळीचा वार मंगळवार. मरताना तो पंचांसमोर म्हणाला, "माजा मंगळवार शाळंला."

भाऊ खवळले. "शाळंला ना शेत, ना मोट! मंगळवार घेऊन काय चाटायचाय का?"

मास्तर मंगळवारी सगळी पोरं घेऊन विहिरीवर गेले. पोरं पोहली. मग कळशा, घागरी भरून गोठ्यात आणल्या, वांगी-मिरचीची आळी भिजवली. मंगळवारी कुणी गैरहजर राहीना. तापानं फणफणलेली पोरंसुद्धा यायची.

मग एक साल पाऊस कमी झाला. तिघं भाऊ मास्तरांकडं आले. "मास्तर, मंगळवारचं पानी आमाला सोडा."

मास्तर म्हणाले, "शाळेचं पाणी शाळेच्या पोरांच्या घरचं. तुमची पोरं शाळेत आहेत का?"

"न्हाईत."

"मग घाला."

दुसऱ्या दिवशी दोघांची पोरं पाटी घेऊन हजर. त्यांच्या मागं धाकटा भाऊ स्वतः. मिशा पिळलेल्या, काखेत पाटी!

"मला अजून पोरगं न्हाई, मास्तर. म्या बसलो तर चालंल का?"

मास्तरांनी सरकून जागा दिली.

* * *

करीमचाचा नालबंद. तरुणपणी अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, रिसाल्याच्या, म्हणजे घोडदळाच्या, घोड्यांना नाल ठोकायचा. रिसाला गेला तसा चाचा आमच्या गावी आला आणि बैलांच्या पत्र्या ठोकायला लागला. त्याची ऐरण वाजायला लागली की गल्लीतली पोरं तिथं गोळा व्हायची. ठिणग्या बघत बसायची.

शाळेला घंटा नव्हती. मास्तर दारात उभे राहून टाळ्या वाजवायचे. कोण ऐकतं?

चाचा आजारी पडला तेव्हा मी आणि मास्तर भेटायला गेलो. तो म्हणाला, "मास्टर, ये ऐरन तुमारे मदरसे को."

मी म्हणालो, "चाचा, लोखंड हाय. लेकाला दे, कामाला येईल."

"लडका हैदराबाद में बाबू है. उसकू क्या करना?" मग मास्तरांकडं बघून म्हणाला, "बच्चे नै आते करके रोते ना तुम? इसकू मारो. आते. मेरे बाद ये चुप नको बैठना."

ऐरण गोठ्याच्या दारात रोवली. सकाळी हातोडा पडला की आवाज नदीपल्याड जायचा. पोरं धावत यायची. पहिल्या दिवशी पोरांच्या मागं चार बैलही आले आणि दारात येऊन पाय उचलून उभे राहिले.

* * *

आता हणमंता. हा माझ्याबरोबर शाळेत होता. मी दुसरीत गेलो, हा पहिलीत. मी शाळा सोडली, हा पहिलीतच. शेवटी मास्तर त्याला म्हणाले, "हणमंता, तुझं चित्त बैलात आहे. बैलाकडं जा."

गेला. आणि असा गेला की पार तलवाड्यापासून माणसं बैल पारखायला त्याला घेऊन जायची. शेपटीचा गोंडा नुसता हातात घेतला की बैलाचं वय, खोड, मालकाचा स्वभाव सगळं सांगायचा.

जाताना त्यानं आपली खिल्लारी जोडी शाळेला ठेवली. मी विचारलं, "कावून रे? शाळेनं तर तुला हाकललं!"

"म्हनून तर! मास्तरानं मला पास केलं असतं तर म्या पटवारी झालो असतो. जल्मभर शिव्या खाल्ल्या असत्या."

गावचा पटवारी उशाशीच बसला होता. त्यानं मान हलवली. म्हणाला, "खरं हाय, अण्णा."

* * *

गाय आली, पाणी आलं, ऐरण आली, बैल आले. सगळं उभं कुठं होतं? देशमुखांच्या गोठ्यात. अंमलदार येऊन तेच विचारायचा आणि मास्तर तेच सांगायचे. गावात कोण मरणाला टेकलं असं ऐकलं की मास्तर भेटायला जायचे. मागायला नव्हे. मास्तरांनी कधी कुणाकडं काही मागितलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण मास्तर दारात दिसले की घरातले म्हातारे जास्त खोकायला लागायचे.

आजकाल मलाही पोरं विचारतात, "अण्णा, तुम्ही मृत्युपत्रात कॉलेजला काय ठेवलंय?"

मी म्हणतो, "आधी मरू तरी द्या!"

* * *

थोरले देशमुख गेले त्या सालची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "गोठा शाळंला." मी तिथं होतो. जोशीबुवा होते. पण धाकटे देशमुख, त्यांचे चिरंजीव, म्हणाले, "आबांना ताप होता. तापातलं बोलणं. कागद असंल तर दाखवा." त्यांना तिथं घोडी बांधायची होती. माणूस वाईट नव्हता. हट्टी होता. आणि अंमलदारानं या खेपेला लेखी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत जागा शाळेची झाली नाही तर परवाना रद्द. दिवाळी तोंडावर आली होती.

दहाव्याला सगळा गाव नदीवर. वर दाट चिंचा. सावलीच्या पलीकडं वाळूत पिंड ठेवला. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग नातेवाईक एकेक वचन देतात. इच्छा बरोबर ओळखली की कावळा शिवतो. तोवर कुणी जेवायचं नाही.

कावळे होते. घिरट्या घालत होते, कोकलत होते. पण झाडावर बसेनात आणि खाली येईनात.

धाकटे देशमुख हात जोडून म्हणाले, "आबा, आक्काला दिवाळीला माहेरी आणू."

कावळा नाही.

"आबा, तुमचा हुक्का कुणाला देनार न्हाई."

नाही.

"आबा, काकांशी भांडन मिटवतो."

काका मागं उभे होते. त्यांनी डोळे पुसले. कावळा नाही.

ऊन डोक्यावर आलं. वाळू तापली. पोटात कावळे ओरडत होते, ते मात्र खाली यायला तयार! जोशीबुवा हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववता येईल. शास्त्रात सोय आहे."

काका कडाडले, "खबरदार! थोरल्या देशमुखाच्या पिंडाला गवताचा कावळा? गाव थुंकंल तोंडावर!"

 जे म्हणायचं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणायचं कुणी? मास्तर माझ्या शेजारी उभे होते. टोपी काढून हातात धरलेली. 

शेवटी मीच म्हणालो, "धाकटे मालक, गोठ्याचं बोला."

देशमुखांनी माझ्याकडं असं बघितलं की अजून आठवतं. "अण्णा, तुमी मधी पडू नका."

"बरं."

पुन्हा वाट बघणं सुरू झालं. म्हाताऱ्या बायका वाळूत खाली बसल्या. एकीला भोवळ आली. काका म्हणाले, "अरे, आयाबायांचा तरी इचार कर!"

देशमुखांनी दात आवळले. दोन्ही हात जोडले. "आबा, गोठा शाळंला दिला. गावासमोर दिला. दिवाळीच्या आत कागद करून देतो."

सगळ्यांनी माना वर केल्या. कावळे तसेच घिरट्या घालत होते.

"दिला की!" देशमुख ओरडले. "आता अजून काय पायजे आबांना?"

मास्तरांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली, नीट बसवली. मग वर चिंचांकडं बघून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला रे. सुटली शाळा."

पानं हलली. एका चिंचेवरून एक पोरगं उतरलं. मग दुसरं. मग सगळ्याच चिंचांवरून, फांदीफांदीवरून, अख्खी शाळा खाली यायला लागली. हातपाय खरचटलेले, खिशात कच्च्या चिंचा, तोंडातून चकार शब्द नाही. रांग करून मास्तरांच्या मागं उभी राहिली.

सगळ्यात उंच शेंड्यावरून सगळ्यात शेवटी उतरला तो धाकट्या देशमुखांचा स्वतःचा मुलगा.

आणि त्याच्या पाठोपाठ कावळा.