खळ्यातल्या चिंचेची भांडी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. वर्षानुवर्षं ते कुठंतरी पडून असतात आणि नको त्या वेळी एकामागून एक बाहेर येतात. आमचे आले दिलीपच्या दहाव्याला!

दिलीप माझा धाकटा भाऊ. पिंपळगावला द्राक्षांचं पॅकहाऊस होतं त्याचं. तो गेल्याचा फोन आला तो साधा दिवस होता. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी, मी कुकर लावलेला. भाचा म्हणाला, "आत्या, पप्पा गेले." मी म्हणाले, "थांब, गॅस बंद करून येते." आणि खरंच बंद करून आले. परत रिसीव्हर उचलला तेव्हा तो बिचारा तसाच धरून उभा होता.

दहाव्याला आमच्या ह्यांच्या शॉपमधली माणसं आली. जेवणं उरकल्यावर रफिकभाईंनी एक किस्सा काढला, मग मधूनं. मांडवात हसू फुटलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. दिलीपच्या बायकोनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी पदर तोंडाला लावला, पण हसून तर झालं होतं.

किस्से सगळे एकाच झाडाचे आहेत.

ह्यांचं नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत पॅटर्न शॉप. पॅटर्न म्हणजे यंत्राच्या भागाचा लाकडी नमुना. फाउंड्रीवाले तो वाळूत दाबतात, अलगद उचलतात आणि राहिलेल्या खळग्यात वितळलेलं लोखंड ओततात. शॉपमध्ये माणसं तीन. हे, म्हणजे सगळ्यांचे नाना. लेथवर मालेगावचे रफिकभाई. आणि सुतारकामाला पेठकडचा मधू.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिलीपनं पॅकहाऊस वाढवायला आमच्या माहेरच्या खळ्यातली चिंच पाडली. आजोबांच्याही आधीचं झाड. मी पोचले तेव्हा बुंधा आडवा झालेला. मजुरांसमोर मी म्हणाले, "आता काय विकणार, आईचा फोटो?"

तो म्हणाला, "ताई, तू वर्षातून दोनदा येतेस. पाला रोज आम्ही झाडतो."

त्यानंतर आम्ही बोललो नाही.

पण बुंधा वीटभट्टीला जायच्या आधी त्यानं ह्यांना फोन केला होता. "दाजी, तुमच्या कामाचं असेल तर घेऊन जा." टेम्पोभर लाकूड अंबडला आलं. ह्यांनी ठरवलं, या लाकडाचं एक चांगलं भांडं करायचं. ते मी माझ्या हातानं दिलीपला नेऊन द्यायचं. भांडण खलास! ह्यांना सगळंच असं सोपं वाटतं.

*

पहिला वाडगा रफिकभाईंनी लेथवर सुंदर उतरवला. हे म्हणाले, "मधू, पॉलिश करून ठेव, उद्या पिंपळगावला न्यायचाय."

आता पॅटर्न शॉपची रीत अशी की तयार झालेला नमुना रंगवायचा. लोखंडाच्या ज्या बाजूवर पुढं मशीन चालणार, ती बाजू लाल, बाकी काळी. मधूनं आयुष्यभर तेच केलेलं. सकाळी वाडगा बाहेरून काळा आणि आतून लालभडक!

हे ओरडले, "अरे, हे काय केलंस?"

मधू शांतपणे म्हणाला, "आतून मशिनिंग नाय का, नाना?"

हे तो वाडगा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "रंग खरवडून काढू. चल, जाऊन येऊ." मी म्हणाले, "असलं भांडं घेऊन? मुळीच नाही." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

*

मग ठरलं, झाकणाचा डबा करू. डबा रफिकभाईंनी केला, झाकण मधूनं.

लोखंड थंड झालं की आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठाच करतात आणि त्यासाठी मधूची पट्टीच वेगळी. तिच्यावरचा इंच तुमच्या-माझ्या इंचापेक्षा जरा लांब असतो. रफिकभाईंनी साधी पट्टी लावली, मधूनं त्याची. झाकण डब्यावर ठेवलं की भोवऱ्यासारखं फिरायचं!

"मोठं झालंय रे," हे म्हणाले.

रफिकभाई म्हणाले, "फिकर नका करू, नाना. थंड झालं की बसेल!"

तिघंही हसले. आणि मग हसता हसता तिघांनीही तो डबा फळीवर ठेवून दिला. दोन महिन्यांनी काढला. लाकूड वाळून आकसलं होतं खरं, पण डब्याचं. झाकण आता नुसतं फिरत नव्हतं, डबा हलला की घरंगळून पडत होतं.

*

फुलदाणीचा किस्सा मला फार आवडतो, पण तो सांगताना ह्यांचा चेहरा बघवत नाही.

पॅटर्न वाळूतून वर काढायचा, तर त्याच्या बाजू किंचित तिरक्या लागतात. मधेच कुठं निमुळता झाला तर अडकतो, साचा मोडतो. ह्यांची सगळी उमर या एका चुकीपासून लांब राहण्यात गेली. रफिकभाईंनी फुलदाणीची मान बारीक करायला घेतली की हे मशीन बंद करायचे.

"हा भाग वाळूतून निघणार कसा?"

"नाना, फुलदाणी वाळूत कोण घालणार आहे?"

"ते मला कळतं हो. पण हात ऐकत नाही."

शेवटी मान नसलेली, वर रुंद आणि खाली अरुंद अशी फुलदाणी तयार झाली. मी टीव्हीवर ठेवली. शेजारच्या कुलकर्णीबाई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बादली छान आहे हो! कडी लावायची राहिलीय का?"

दिलीपला बादली कशी द्यायची? तेही राहिलं.

*

माझ्या शाळेतल्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा ह्यांनी हौसेनं एक वाडगा दिला. शाल, श्रीफळ आणि चिंचेचा वाडगा. टेबलावर मांडलेला. हॉलमधे पंखे गरगरत होते. बाई बोलायला उठल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, पण आपलं हे नातं कधीही..."

ताड्!

पुढच्या रांगेतल्या मुली दचकल्या. वाडगा काठापासून तळापर्यंत उभा फाटला होता. बाईंनी वाक्य अर्धंच सोडलं आणि खाली बसल्या. मी पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये डबा खायला गेले नाही.

लाकूड ओलं होतं. ते कळायला आम्हाला मोठ्या बाई लागल्या!

*

मग हे भांडी आधी जाडसर कापून ठेवायला लागले. हळूहळू वाळू द्यायची, पूर्ण वाळली की शेवटचा हात. हळूहळू वाळायला जागा कुठली? तर माझी गव्हाची कोठी! मला न सांगता.

पावसाळाभर घरात पोळ्यांना एक आंबट, लाकडी वास. मी चक्कीवाल्याशी भांडले. चक्की बदलली. दुसऱ्याशीही भांडले. एक दिवस गहू काढायला हात घातला तर हाताला एक वाटोळं, गुळगुळीत काहीतरी लागलं. मी किंचाळले. हे आतून आले आणि म्हणाले, "हळू! ते दिलीपचं आहे."

पहिल्या चक्कीवाल्याच्या दारावरून जाताना मी पुढं कितीतरी दिवस रस्ता ओलांडून पलीकडं व्हायची.

*

त्या कोठीतलं एक भांडं मात्र खरंच जमलं. कुठं भेग नाही, गाभा गडद तपकिरी, काठ पिवळसर. हे म्हणाले, "चल आता." माझ्याकडं कारण उरलं नव्हतं. मी म्हणाले, "पेपर तपासायचेत." हे एकटेच स्कूटरवरून गेले.

दिलीपनं भांडं सगळीकडून फिरवून पाहिलं. "दाजी, ताईनं दिलंय की तुम्ही आणलंय?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. "मी आणलंय."

"मग भांडं ताईचं. तिचं तिला परत न्या."

पण आमच्या आईची शिस्त अशी की कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यानं ते काठोकाठ द्राक्षांनी भरून पाठवलं!

शिस्त मलाही तीच लागलेली. माझ्या मते भांडं दिलीपचं, त्याच्यासाठीच केलेलं. मी करंज्या भरल्या आणि त्याचं त्याला परत पाठवलं. त्यानं माझं मला परत पाठवलं, शेंगा भरून. कांद्याचा भाव पडला तेव्हा कांदे आले. एकदा मी रागानं कारली पाठवली. उलट टपाली लवंगी मिरच्या!

नाशिक ते पिंपळगाव, वर्षानुवर्षं स्कूटरच्या डिकीत ते भांडं हिंडलं. एकदा हे वैतागले. "घरात फोन आहे ना?"

मी म्हणाले, "त्याला फोन करायला काय झालंय?"

हे कपाळावर हात मारून म्हणाले, "तिकडं तोही हेच म्हणाला!"

शेवटचे आले ते बेदाणे. मी शिऱ्यात घातले, शिरा छान झाला. आता पाळी माझी होती. शाळेची सहल झाली, सहामाही झाली. मनात आलं, या खेपेला आपणच घेऊन जावं. पण काय भरून न्यावं ते ठरेना, आणि मग भाच्याचा तो फोन आला.

भांडं ओट्यावर आहे. मी ते अजून भरलेलं नाही.