कोरिया, जपान आणि आमच्या वरच्या काकू

शिकागोजवळच्या आमच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये कोरिया-जपानची गाणी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंइतकी कुणालाच कळत नाहीत, मी बारावी नापास आहे तरी हे छातीठोक सांगते. काकू नागपूरच्या, साठी ओलांडलेल्या, आणि कुणी नुसतं ‘ती कोरियन गाणी’ म्हटलं की भडकतात. “लावणी अन् भजन एकाच डब्यात भरतेस का गं?” असं मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. त्यांचं प्रत्येक कामाला गाणं ठरलेलं. कणीक मळताना ट्रॉट, म्हणजे कोरियातल्या आजी-आजोबांची ठेक्याची गाणी, त्याने पोळी फुगते म्हणे. कांदा चिरताना जपानी एन्का, त्यात बाई इतकी रडवेली गाते की आपलं रडणं कांद्यावर ढकलता येतं. कोरियन रॅप फक्त बाथरूम घासायला. आणि जपानचं जुनं सिटी पॉप, म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीची तिथली शहरी गाणी, गाडीत, कारण त्याने सिग्नल हिरवे मिळतात, हे त्या आपल्या इंजिनियर मुलालाही ठणकावून सांगतात आणि तो बिचारा मान हलवतो.

मला गाडीची भयंकर भीती. नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला, पोरीला मधूनच दम लागतो, आणि मी घरात काळजी करत बसायचे, की आत्ता काही झालं तर हिला नेऊ कशी. काकू म्हणाल्या, चल, मी शिकवते. धीर यावा म्हणून त्यांनी कानठळ्या बसवणारं जपानी मेटल लावलं आणि मी दचकून भर चौकात ब्रेक मारला, मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले. मग त्यांनी गाणंच बंद केलं. कोरियात पानसोरी म्हणून प्रकार आहे म्हणे, एकटी बाई तासन्‌तास गोष्ट गाते, जोडीला एक ढोलवाला, आणि ऐकणाऱ्यांनी मधे मधे ओरडून तिला धीर द्यायचा, गप्प बसणं बरं नाही. तेव्हापासून मी वळण घेतलं रे घेतलं की काकू बाजूला बसून ओरडायच्या, “हां, वाहवा, झकास घेतलंस,” काच उघडी असली तरी. टेस्टच्या दिवशी पार्किंगमध्ये उभ्या राहून ओरडल्या, टेस्ट घेणारी बाई दचकली, पण मी पास झाले.

उन्हाळ्यात काकू मुलीकडे दूर श्रूजबरीला गेल्या, कायमच्या.

गेल्या आठवड्यात पोरीला दम लागला, भर दुपारी, बाहेर बर्फ. तिला बेल्ट लावला, गाडी काढली आणि नेलं, हळूहळू, एकटीने. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिला कुणी आणलं. म्हटलं, मी आणलं.

घरी पोरगी झोपल्यावर काकूंना फोन केला, सगळं सांगितलं, एकेक वळणसुद्धा.

मग हळूच म्हणाल्या, “परत सांग. घरातून निघालीस तिथपासून. या वेळी प्रत्येक वळणाला मी ओरडते.”