बसायचं का?

शेजारची रिकामी खुर्ची तळहातानं दोनदा थोपटायची आणि समोरच्याला विचारायचं, "काय, बसायचं का?" आमचे सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे एवढंच. मी नागपूरहून बदली होऊन बँकेच्या कोलकात्याच्या ऑफिसात नुकतीच रुजू झाले होते आणि अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणारा तेवढा एकच माणूस होता. आणि तो पहिल्याच दिवशी विचारतो, बसायचं का! मराठी वाचकाला या प्रश्नाचा अर्थ सांगायला नको. ग्लास, बर्फ आणि चकणा यांचं नाव न काढता दिलेलं हे आमंत्रण असतं. मी "नको, घरी लवकर जायचंय" असं काहीतरी पुटपुटले आणि खरोखरच लवकर घरी गेले.

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानंही माझ्या मागोमाग न्यू टाउनमध्ये नोकरी धरली होती आणि त्याला या शहरात अजून एकही मित्र मिळाला नव्हता. मला वाटलं, आता हा चिडणार. तो म्हणाला, "कुठे बसतात ते विचारलंस का?"

असे आम्ही दोघं सरांबरोबर बसायला जाऊ लागलो.

बार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे अंधार आणि लाल दिवे येत असतील, तर ते आधी पुसून टाका. सरांचे तिन्ही बार चांगले उजेडाचे होते. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, संगमरवरी टेबलं आणि त्यांच्याभोवती निवृत्त मास्तर, वकिलांचे कारकून, एखादा दिवसभर बूट विकून पाय दुखलेला दुकानदार. एक बार धर्मतल्याला, एक बहूबाजारात आणि तिसरा बालीगंजला, सरांच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ. बायकांसाठी कडेला पडद्याच्या केबिनी असत. मला पहिल्या दिवशी तिथं बसवलं तेव्हा सरांनी उठून पडदा पार कडेला सारला. "बसायचं तर माणसं दिसली पाहिजेत," म्हणाले.

स्वतः ते पाणी घातलेली एक रम मागवत आणि तिच्यावर सगळी संध्याकाळ काढत. सोबत फुकटचे भिजवलेले हरभरे, आल्याचे बारीक तुकडे आणि काळं मीठ. मी लिंबू-सोडा आणि फिश फ्राय. बालीगंजच्या बारमध्ये वाढायला 'काकू' येतील असं सर म्हणाले, म्हणून मी पदर सावरून बसले, तर झुपकेदार मिशांचे एक म्हातारे वेटर आले. बंगालीत काकू म्हणजे काका, हे मला त्या दिवशी कळलं. काकू विचारत, "की खाबेन, दादा?" बंगाली माणूस पाणी खातो, चहा खातो, सिगारेट खातो, तशी दारूही खातोच. सर दरवेळी हिंदीत सांगत, "काकू, हरभरे खाऊंगा, रम पीऊंगा." काकू दरवेळी हसत. दोघांनाही या विनोदाचा कंटाळा आलेला मी कधी पाहिला नाही.

सरांचं म्हणणं असं, की ते या शहरात राहिले ते एका शब्दामुळे. "इथं कुठेही जा, लोक आधी 'बोशून' म्हणतात. बसा. मग काम विचारतात. आपल्याकडे बसायचं म्हटलं की बाटलीच उघडावी लागते."

आणि हाच शब्द एकदा अंगाशी आला. आमचे हेडक्लार्क घोषदा सरांचं ऐकून ऐकून एवढं मराठी शिकले होते. खुर्ची थोपटून विचारायचं म्हणजे ही मराठीतली 'आसनस्थ व्हा' म्हणायची पद्धत, अशी त्यांची समजूत. मुंबईहून तपासणीला एक मोठ्या बाई आल्या. मराठी, करारी, चष्म्यावरून बघणाऱ्या. घोषदांनी धावत जाऊन खुर्ची ओढली, दोनदा थोपटली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा अभिमानानं म्हणाले, "मॅडॅम, बोशायचं का?"

भर सकाळी. ऑफिसात. बाईंनी घोषदांकडे पाहिलं, मग सरळ सरांकडे. सर पंख्याकडे बघत होते. मी फायलीत तोंड खुपसलं. बाई म्हणाल्या, "आत्ताच? निदान चहा तरी होऊ द्या." तपासणी फार छान पार पडली आणि घोषदांना आपलं काय चुकलं ते आम्ही कधीच सांगितलं नाही.

सर निवृत्त झाले आणि बारही निवृत्त व्हायला लागले. आधी धर्मतल्याचा गेला. तिथं मोबाइलचं चकचकीत दुकान आलं. सर मला घेऊन आत शिरले, इकडेतिकडे अंदाज घेतला आणि चार्जरच्या कपाटापाशी उभे राहिले. "इथं माझं टेबल." मग विक्रेत्या पोराकडून स्टूल मागून घेतलं आणि थोडा वेळ तिथं बसले. पोरानं त्यांना तीन फोन दाखवले. सरांनी तिन्ही मन लावून पाहिले.

बहूबाजारच्या बारच्या जागी साड्यांचं दुकान झालं. तिथला माणूस आम्ही दारात दिसताच ओरडला, "बोशून, बोशून!" सर हरखलेच. "बघ, इथं अजून बसतात!" म्हणत ते गादीवर जे टेकले ते उठेनात, आणि तो माणूस साड्या उलगडायचा थांबेना. शेवटी लाजेकाजेस्तव मला एक निळी तांताची, म्हणजे हातमागाची, साडी घ्यावी लागली. अजूनही ती नेसले की नवरा म्हणतो, "आज बारची साडी का?"

बायको गेल्यापासून सर एकटेच होते. पुण्यातली लेक त्यांना सारखी बोलवायची आणि ते दाद देत नसत. एकदा तिनं फारच लावून धरलं तेव्हा ते थट्टेत म्हणाले, "माझा शेवटचा बार बंद झाला की येईन." तिनं ते मनावर घेतलं. तेव्हापासून ती मला फोन करून विचारायची, "ताई, चालू आहे का हो अजून?" बार बंद पडावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली जगातली ती एकमेव मुलगी नसेल, पण मला माहीत असलेली एकमेव.

मी तिची गंमत केली, तर ती हसली नाही. "लहानपणी मी विचारायची, बाबा कुठायत? आई म्हणायची, बसलेत. रोज. मला तो शब्द ऐकवत नाही, ताई. आता तरी त्यांनी माझ्याकडे येऊन राहावं." मला सर इथं हवे होते आणि तिला तिथं, आणि तिचा हक्क पहिला होता.

बालीगंजची इमारत प्रोमोटरनं, म्हणजे आपल्याकडच्या बिल्डरनं, पाडायला घेतली. शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. पडदे उतरवले होते, भिंतीवर घड्याळाचा नुसता गोल डाग उरला होता. काकूंनी हरभरे आणले, आलं आणलं, आणि "की खाबेन" न विचारता रमही आणून ठेवली. सरांनी शेजारची खुर्ची दोनदा थोपटली. "काकू, बोशून."

आयुष्यभर त्या फरशीवर उभे असलेले काकू आधी नाही नाही म्हणाले. मग खांद्यावरचा नॅपकिन काढून मांडीवर घेतला आणि बसले. दोघं आलटूनपालटून बशीतले हरभरे उचलत राहिले. मला रडू आलं आणि मी ते आल्याच्या तिखटपणावर ढकललं.

बाहेर पडल्यावर सरांनी फूटपाथवरूनच लेकीला फोन लावला. "तिकीट काढ," म्हणाले. शब्दाला जागले.

पुण्यात डॉक्टरांनी रम बंद केली. सर लेकीच्या सोसायटीतल्या बाकावर संध्याकाळी बसू लागले आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बाक थोपटून विचारू लागले, "काय, बसायचं का?" त्यांना बंगाली बसणं म्हणायचं होतं. पण ते पुणं! ज्येष्ठांनी आवारात मद्यपानाला उत्तेजन देऊ नये, असा सेक्रेटरींचा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर आला. सर मला फोनवर सांगत होते, "अगं, मी बाक दाखवतो, तर हे इकडेतिकडे बघून हळूच विचारतात, कुठे? इथं सगळे बसतात, पण नुसतं बसत कुणी नाही." मी हसत होते आणि मला त्यांची भयंकर आठवण येत होती.

पण माणूस चिकाटीचा. हळूहळू बाक भरला, नंतर सेक्रेटरीही स्वतःची खुर्ची घेऊन येऊ लागले. लेक डबाभर हरभरे भिजवून खाली पाठवायची, आल्यासकट. स्वतः मात्र कधी खाली उतरली नाही.

या हिवाळ्यात सर गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. काही दिवसांनी लेकीचा फोन आला. घरचं, ऑफिसचं बोलून झालं. मग म्हणाली, "ताई, आज सवयीनं हरभरे भिजवले गेले. काय करू कळेना, म्हणून डबा घेऊन मीच खाली गेले. सगळे होते. बाबांची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती, तिथं मला बसवलं."

"हरभरे संपले?" मी विचारलं. "संपले," ती म्हणाली.

"तुम्ही पुण्याला कधी येताय? आलात ना, की..." तिचा आवाज अडखळला, मग तिनं तो शब्द उच्चारलाच. "की बसू या आपण."