ट्रक चोरीला गेला तेव्हा आम्ही बिर्याणी खात होतो

तुम्ही लावून गेलेली गाडी परत आल्यावर जागेवर दिसली नाही, तर तुम्ही आधी पोलिसांना फोन कराल की आधी जेवून घ्याल?

घाईनं उत्तर देऊ नका. मलाही कुणी असं विचारलं असतं तर मी पोलिसांचंच नाव घेतलं असतं. पण त्या शुक्रवारी दुपारी इथे अमिरातीत, रास अल खोरमधल्या आमच्या गल्लीत, ट्रकच्या रिकाम्या जागेत पुठ्ठा अंथरून मी बिर्याणी खात बसले होते. शेजारी त्याच ट्रकचे ड्रायव्हर, आमचे चाचा बसले होते. ट्रक चोरीला गेला होता, ट्रकच्या पोटात आमच्या टीमची शर्यतीची गाडी होती, आणि चाचा मला म्हणत होते, "बटाटा घे गो बाय, नुसता भात काय खातेस?"

मी या रेसिंग टीमसाठी लिहायचं काम करते. शर्यत झाली की बातमी, शर्यत नसली की फोटोंखालच्या ओळी. आमची गाडी स्टॉक कार प्रकारातली. लांबून बघितलीत तर कुठल्याही पार्किंगमध्ये दिसणारी गाडी वाटेल. जवळ गेलात की एकेक गंमत कळते. दरवाजे उघडतच नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. पुढचे दिवे म्हणजे दिव्यांचे स्टिकर. नंबर प्लेट नाही, किल्ली नाही, चालू करायला एक बटण. ही गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नाही, म्हणून तिला ट्रॅकपर्यंत बंद ट्रकमधून न्यावं लागतं. तो ट्रक चालवायचं काम चाचांचं.

चाचा रत्नागिरीकडचे. करामामध्ये आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, मी एका शेअरिंगच्या खोलीत, ते वरच्या मजल्यावर बायको आणि मुलीसोबत. मुलगी बारावीत. बायको आणि मुलगी दोघी त्यांच्याच व्हिसावर. म्हणजे चाचांची नोकरी गेली तर नुसता पगार जाणार नव्हता. मुलीची परीक्षा तोंडावर असताना तिघांना गाशा गुंडाळावा लागला असता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात दरवेळी पणाला लागलं होतं ते हेच. ट्रक नव्हे.

आता आमच्या गल्लीचा रिवाज. या भागाला सगळे सनय्या म्हणतात, म्हणजे कारखान्यांची वस्ती. गल्ली अरुंद. एका बाजूला टाइल्सचं गोडाऊन, पुढे एसीचे डक्ट बनवणारे, शेवटी आमचं गॅरेज. गाड्या एकापुढे एक लागतात, त्यामुळे मागच्याला बाहेर पडायचं तर पुढच्यानं सरकायला हवं. एरवी हॉर्न वाजवला की कुणीतरी धावत येतं. पण जुम्म्याच्या नमाजाला अर्धी गल्ली मशिदीत असते आणि उरलेली अर्धी जेवायला. अशा वेळी कुणाला शोधणार? म्हणून शुक्रवारी सगळे जण किल्ली गाडीतच ठेवून जातात. ज्याला निघायचंय त्यानं आडवी आलेली गाडी स्वतःच हलवायची आणि जिथे जागा मिळेल तिथे लावून टाकायची. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नाही. कुठे पाटी नाही. मी रुजू झाले त्या पहिल्याच शुक्रवारी चाचांना किल्ली ॲशट्रेमध्ये टाकताना बघितलं आणि विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी विचारतेय की भात हातानं का खाता.

त्यामुळे चाचा नमाजाहून आल्यावर ट्रक जागेवर नव्हता याचा आमच्या गल्लीतला अर्थ एकच: कुणीतरी हलवला.

"कुणीतरी सरकवला असंल," चाचा म्हणाले. "पलीकडल्या गल्लीत असंल. ये, जेव आधी, गार व्हईल."

चाचींनी डबा दिला होता. जागा रिकामी होतीच, सावलीही बरी होती. आम्ही बसलो. मी पोटभर खाल्लं.

जेवण उरकून चाचा ट्रक बघायला गेले. पलीकडच्या गल्लीत नव्हता. त्याच्या पलीकडच्या गल्लीतही नव्हता. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला होता. पोलिसांना फोन त्यांनीच केला.

पोलीस आले, शांतपणे सगळं विचारून, गल्लीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन गेले. खरा गोंधळ त्यानंतर सुरू झाला. आमचा मॅनेजर दिल्लीकडचा, कामाचा पक्का, डोकं तापलं की आवाज चढणारा. त्यानंही ते चित्रण बघितलं. त्यात काय दिसलं? टोपी घातलेला एक माणूस ट्रक घेऊन आरामात निघून जातो. चेहरा दिसत नाही. मग चाचा येतात. रिकाम्या जागेकडे बघतात. इकडे तिकडे बघतात. आणि पुठ्ठा अंथरतात.

"ये देखो!" मॅनेजर स्क्रीनवर बोट आपटत होता. "मेरा ट्रक चोरी हो गया और ये आदमी उसी जगह बैठके बिरयानी खा रहा है! कौन खाता है? जिसको मालूम है कि ट्रक कहाँ गया, वही खाता है!"

"मीही खात होते," मी म्हटलं. म्हणजे हिंदीत म्हटलं. "वो मैं हूँ. उनके बाजू में."

"तुम लिखने का काम करती हो. तुमको क्या पता."

मला भयंकर राग आला. माझे वडील रायगडातल्या एका कारखान्याच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरात कपाटाच्या फळ्यांवर वर्तमानपत्रं नव्हती, उरलेली पत्रकं अंथरलेली असायची. मी अक्षरं त्या पत्रकांवरून शिकले आणि चित्रं त्यांच्या कोऱ्या बाजूवर काढली. पत्रकात गुन्हेगार एकच असतो आणि तो पहिल्या परिच्छेदात सापडतो. मलाही मॅनेजर लगेच सापडला. घरी जाताना मेट्रोत मी मनात वाक्यं जुळवत होते, एकाहून एक धारदार.

पण रागाच्या खाली एक कुतूहल होतं आणि ते काही केल्या बसत नव्हतं. बाहेरच्या कुणालाही ते चित्रण दाखवा, चाचा त्याला दोषीच वाटतील. गल्लीतल्या कुणालाही दाखवा, त्यात त्याला काही वावगं दिसणार नाही. एकच चित्र, मग असं का?

रविवारी ट्रक सापडला. तासाभराच्या अंतरावर, रास अल खैमाकडे, सिमेंटच्या कारखान्यांजवळच्या मोकळ्या जागेत कुणीतरी तो सोडून गेलं होतं. दुरुस्तीची हत्यारं आणि जादा टायर गायब. शर्यतीची गाडी मात्र आत तशीच. ती परत आली तेव्हा मी तिच्याभोवती कितीतरी वेळ फिरत राहिले. डाव्या दिव्याच्या स्टिकरचा कोपरा नखानं उचकटलेला होता. खिडकीची जाळी सोडलेली होती. सीटवर वाळूचे ठसे होते. म्हणजे चोर खिडकीतून आत शिरून बसला होता! दरवाजा शोधला असेल, सापडला नसेल. हा दिवा आहे की चित्र, ते खरवडून बघितलं असेल. आत बसून काय केलं असेल त्यानं? स्टिअरिंग धरून बघितलं असेल का? बटण दाबायची हिंमत झाली नसेल का? ज्या माणसामुळे चाचांचं घर उठायची वेळ आली होती, त्याला तिथे बसल्या बसल्या काय वाटलं असेल, हे मला फार जाणून घ्यायचं होतं. राग यायला हवा होता. तो आला नाही.

संध्याकाळी चाचांकडे गेले. दार मुलीनं उघडलं. तिचा जन्म इथला, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये.

"आर वी गोइंग बॅक?" तिनं दारातच विचारलं.

"अगं, ट्रक मिळाला ना."

"देन व्हाय इज पपा नॉट ईटिंग?"

आतून चाची म्हणाल्या, "खाल्लं म्हणून तर अडकलाय. आता कसा खाईल?" आणि स्वतःच हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

मालक सोमवारी दुपारी येणार होते. मॅनेजरचं म्हणणं होतं, ट्रक मिळालेला असो वा नसो, ड्रायव्हर सामील होता, नाहीतर निदान बेजबाबदार तरी होताच. किल्ली आत ठेवली. एवढं पुरे होतं.

सोमवारी सकाळी मी गल्लीत फिरले. माझा शब्द मॅनेजर धरणार नव्हता, म्हणून मला फक्त हवं होतं की गल्लीतल्या कुणीतरी सांगावं, शुक्रवारी सगळेच किल्ली आत ठेवतात. डक्टवाले म्हणाले, आम्ही नाही. दुसरे म्हणाले, कधीच नाही. टाइल्सच्या पिकअपचा मल्याळी ड्रायव्हर माझ्या ओळखीचा, रोज सुलेमानी, म्हणजे कोरा चहा पाजणारा आणि मला चेची, म्हणजे ताई म्हणणारा. त्यानं किल्ली नाडीत ओवून गळ्यात घातली होती, शाळेतल्या पोराच्या ओळखपत्रासारखी.

"भैया, ये कब से?"

"हमेशा से, चेची."

"हमेशा से?"

तो आपल्या चपलांकडे बघू लागला. "चेची, मेरा भी वीजा है. मेरा भी बच्चा है."

इतक्या वर्षांचा रिवाज तीन दिवसांत असा गेला होता की कधी नव्हताच. कुणीही दुष्ट नव्हतं. प्रत्येकानं फक्त आपापली किल्ली खिशात घातली होती. त्या प्रत्येक किल्लीबरोबर चाचा थोडे अधिक एकटे पडले होते.

मालक आले. इथलेच, अमिराती, वयस्क, तरुणपणी स्वतः शर्यती केलेले. हिंदी आमच्यापेक्षा बरी. चाचा त्यांना अरबाब म्हणतात, म्हणजे मालक. त्यांनी चहा मागवला, चित्रण बघितलं, मग चाचांकडे वळले.

"चाबी अंदर क्यूँ छोड़ी?"

"जुम्मा था, अरबाब. सब छोड़ते हैं."

"सब कौन?"

नाव घेतलं तर सुटतील हे चाचांना कळत होतं. शेजारच्या गोडाऊनमध्ये गळ्यात किल्ली घातलेला माणूस टाइल्स मोजत होता. चाचांनी त्याचं नाव घेतलं नाही. कुणाचंच घेतलं नाही.

माझं भाषण तयार होतं. मालक-कामगार, अन्याय, सगळं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आला तो नुसता प्रश्न, कारण तो मला त्याच क्षणी पडला होता. चोरीच्या आधीच्या शुक्रवारची दुपार डोळ्यांपुढे आली होती. मॅनेजरला एअरपोर्टला जायचं होतं, आणि त्याच्या गाडीपुढे टाइल्सचा पिकअप आडवा होता.

"सर," मी मॅनेजरला विचारलं, "चोरी से पहले वाले जुम्मे को आपको एअरपोर्ट जाना था. पिकअप किसने हटाया था?"

"मैंने."

"चाबी किससे ली?"

"किसी से नहीं. चाबी तो अंदर ही..."

तो थांबला. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं होतं, पकडला गेल्याचा चेहरा दिसेल. तसं काही नव्हतं. तो खरंच चकित झाला होता. आपल्याच घरात आणखी एक खोली आहे हे आजच कळावं, तसा. त्यानं लपवलं नव्हतं. त्याला ते कधी दिसलंच नव्हतं. दुसऱ्यानं किल्ली आत ठेवली की निष्काळजीपणा, आणि त्याच किल्लीनं आपण निघालो की नुसती घाई.

"मैंने भी हटाया है," तो हळूच म्हणाला. "हर जुम्मे को हटाता हूँ. सब छोड़ते हैं, सर. ये सही बोल रहा है."

मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग चाचांना विचारलं, "मटन की थी या चिकन की?"

"मटन, अरबाब."

"मटन ठंडा अच्छा नहीं लगता," ते म्हणाले आणि उठले. "खलास."

चाचांची नोकरी राहिली. ताकीद मिळाली, ती मॅनेजरलाही मिळाली. पुढे पोलिसांनी चोराला पकडलं. तो आमच्या गल्लीतला नव्हता, चाचांना ओळखतही नव्हता, यापलीकडे आम्हाला काही कळलं नाही. चाचांच्या मुलीची परीक्षा करामातल्या घरातूनच झाली.

मॅनेजर त्या खोलीत नसता तर? त्याला चोरीच्या आधीच्या शुक्रवारी एअरपोर्टला जायचं नसतं तर? चाचा खरं बोलत होते आणि ते खरं ठरवायला माझ्याखेरीज एकही माणूस उभा नव्हता. पत्रकांमध्ये मला नेहमी वरचा माणूस गुन्हेगार दिसला. इथे तोच पहिल्यांदा "मैंने भी" म्हणाला. हे मला अजूनही नीट पचलेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं काहीतरी असेल, जे सगळे करतात आणि कुणी सांगितलेलं नसतं. उघडं ठेवलेलं कुलूप, सगळ्यांना माहीत असलेला पासवर्ड, एकानं दुसऱ्यासाठी केलेली सही. उद्या कामावर गेलात की ते शोधा. आणि अजून काही चोरीला गेलेलं नसताना, कुणावर बोट उठलेलं नसताना, वरच्या माणसाला जाऊन सांगा की आपल्याकडे असं चालतं, आणि मीही ते करतो. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका. फक्त आपलं घ्या.